मणक्यात सुई नको, शिरेतून द्या

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

वडील ७१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. प्रोस्टेटचा कॅन्सर आता कंबरेच्या मणक्यांत आणि डाव्या खुब्यात पसरला आहे. वडिलांना मात्र ‘मणक्याची झीज आहे’ एवढंच सांगितलंय. मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या आहेत, पण त्या ‘अगदीच सहन होईना तेव्हाच’ द्यायच्या असं घरात ठरलंय. आत्या म्हणतात, ही अफूच, एकदा लागली की सुटायची नाही. शिवाय शेवटचं औषध आत्ताच वापरून टाकलं तर पुढे काय, ही धास्ती आहेच. मधल्या वेळात मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी चालू असते. रात्री ठणका उठला की वडील भिंतीला पाठ लावून सकाळपर्यंत बसून राहतात. शहरातल्या डॉक्टरांनी पाठीतून मणक्याच्या पाण्यात बारीक नळी घालून औषध सोडण्याचा, आणि जमलं तर पुढे पोटाच्या कातडीखाली पंप बसवण्याचा उपाय सुचवला. वडील साफ नाही म्हणतात: “झिजलेल्या मणक्यात सुई घालून मला लुळा करायचाय का?” बंगळुरूच्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवली आहे की शिरेतून नळी नेऊन थेट मज्जारज्जूपर्यंत औषध पोचवता येईल. ताई विचारतात: “डॉक्टरच म्हणाले होते की हा आजार मणक्यात शिरांच्या वाटेने गेला. मग आजार गेला त्या वाटेने औषध का जाऊ नये? ते कुठे करतात? अर्धा एकर विकायची आमची तयारी आहे.”

ताई,

पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला त्यातल्या एका ओळीसाठी ईमेल केली होती. “आठवडाभर डावा पाय जड वाटतो म्हणतात,” असं तुम्ही जाता जाता लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला, मज्जारज्जूवर दाब नाही, पाय खुब्याच्या दुखण्यामुळे जड वाटतोय, असं तुम्ही कळवलंत. म्हणून आता निवांत लिहिते आहे. पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी ती गोष्ट आधी सांगून ठेवते. कॅन्सर मणक्यात पसरलेल्या माणसाचे पाय लटपटायला लागले, छातीला किंवा पोटाला पट्टा आवळल्यासारखं दुखू लागलं, आडवं झाल्यावर पाठ जास्त दुखायला लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. मज्जारज्जूवर गाठीचा दाब येत असेल तर स्टेरॉइड, रेडिएशन, कधी ऑपरेशन अशा उपायांनी पाय वाचवता येतात, पण माणूस चालता असेपर्यंत उपचार सुरू झाले तर. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येण्याची आशा फार थोडी उरते.

आता तुमचा प्रश्न. आजार गेला त्या वाटेने औषध का जाऊ नये? भूलतज्ज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी सुया आणि नळ्यांच्या संगतीत गेली, पण हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मला पेशंटच्या घरच्यांनी कधी विचारला नव्हता. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. मणक्यांच्या आतून-बाहेरून शिरांचं एक जाळं असतं आणि त्या शिरांना झडपा नसतात. हातापायांच्या शिरांत झडपा असल्यामुळे रक्त एकाच दिशेला जातं. इथे तसं नाही. खोकताना, कुंथताना, ओझं उचलताना पोटात दाब वाढला की ओटीपोटातलं रक्त सरळ वर हृदयाकडे न जाता आडवाटेने मणक्यांकडे वळू शकतं. ऑस्कर बॅटसन नावाच्या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञांनी १९४० साली मृतदेहांच्या ओटीपोटाकडच्या शिरेत एक्स-रेमध्ये दिसणारा द्रव सोडून हे दाखवलं. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या मणक्यांत इतक्यांदा का सापडतो, याचं एक मोठं कारण हे मानलं जातं.

पण कॅन्सरच्या पेशीचं काम सोपं असतं. हजारो पेशी वाटेत मेल्या आणि एखादीच मणक्याच्या हाडात रुजली, तरी तिचं भागतं, पुढे ती स्वतःच वाढते. औषध वाढत नाही. ते ठरावीक मात्रेत, तासन्‌तास, नेमक्या जागी टिकावं लागतं. त्या जाळ्यातलं रक्त कधी इकडे तर कधी तिकडे जाणारं, आणि शेवटी निचरा हृदयाकडेच. तिथे सोडलेलं औषध मणक्यापाशी थांबून राहत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. आजार जिथे पोचलाय तिथे औषध पोचवायचं नाहीये. अण्णांचा आजार (तुम्ही पत्रात त्यांना अण्णा म्हणता, मीही तेच म्हणते) मणक्याच्या हाडात आहे. नळीतून द्यायचं औषध लागतं मज्जारज्जूला. हाड बाहेर, त्याच्या आत एक चिवट आवरण, त्या आवरणाच्या आत पाणी, आणि त्या पाण्यात मज्जारज्जू. ते शिरांचं जाळं आवरणाच्या बाहेर राहतं. मज्जारज्जूला रक्त मिळतं ते धमन्यांतून आणि तेही चाळून, कारण त्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात आणि रक्तातलं वाटेल ते आत जाऊ देत नाहीत. मॉर्फिन त्यातून जातं, पण थोडं आणि हळू.

हाताच्या शिरेत मॉर्फिन टोचलं की ते आधी हृदयात जातं, तिथून फुफ्फुसात, परत हृदयात आणि मग अंगभर. मज्जारज्जूच्या वाट्याला त्यातला कणभर येतो. बाकीचं गुंगी आणतं, मळमळ आणतं, आतडी मंद करतं. तोंडाने घेतलं तर वाटेत यकृत त्यातला बराच भाग निकामी करतं. आम्ही लोक एक ढोबळ हिशेब वापरतो: तोंडाने ३०० मिलिग्रॅम, शिरेतून १००, मणक्याच्या आवरणाबाहेर १० आणि आतल्या पाण्यात १. परिणाम साधारण सारखा. तुमच्या डॉक्टरांनी पाठीतली नळी का सुचवली ते यात आलं. शिरेतून दिल्याने मज्जारज्जूची जवळीक साधत नाही, गोळीपेक्षा तिप्पट फरक पडतो इतकंच. पाठीतून दिल्याने तीनशेपट पडतो.

हे कळायलाही बराच काळ गेला. मॉर्फिनला धरून ठेवणाऱ्या जागा (रिसेप्टर) शरीरातल्या पेशींवर आहेत हे प्रयोगशाळेत १९७३ साली दिसलं. त्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातही असतात, जिथे अंगातून आलेली दुखण्याची वर्दी पहिल्यांदा नोंदवली जाते आणि मेंदूकडे पुढे पाठवली जाते. १९७६ मध्ये उंदरांच्या मणक्याच्या पाण्यात मॉर्फिन सोडून दुखणं थांबवता येतं हे सिद्ध झालं, आणि १९७९ मध्ये अमेरिकेत कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांना मिलिग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी मॉर्फिन पाठीतून दिल्यावर त्यांतल्या बहुतेकांना कित्येक तास आराम पडला. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला उपाय चाळीस वर्षांहून जुना आणि भरपूर वापरलेला आहे. बातमीत आला नाही म्हणून तो मागासलेला ठरत नाही.

भावाने पाठवलेली बातमी हवेतली आहे असंही मी म्हणणार नाही. शिरांतून मणक्याजवळ बारीक नळ्या नेण्याची कला गेल्या काही वर्षांत खरंच पुढे गेली आहे. मणक्याचं पाणी एखाद्या शिरेत गळत राहण्याचा एक आजार असतो, त्यात मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ती गळती आतून बुजवतात. मेंदूत साठलेलं जादा पाणी शिरेत उतरवणारी नळीही शिरेतूनच बसवून माणसांवर तपासली जाते आहे. या वाटेने उद्या औषधही जाईल असं कोणी म्हणालं तर मी हसणार नाही. पण आज अण्णांना नेऊन करून आणावा असा हा उपचार नाही. तेव्हा ‘कुठे करतात’ या प्रश्नामागे धावू नका. उलट ‘शिरेतून थेट मणक्यावर’ असं सांगून कोणी पॅकेज देऊ केलं तर सावध व्हा. केटामाइन, लिडोकेन यांसारखी औषधं काही पेन क्लिनिकांत सलाइनमधून देतात, क्वचित त्यांचा उपयोगही होतो. पण ती अंगभरच जातात, थेट मणक्यावर नाही.

गंमत अशी की तुमचा प्रश्न हाडाबद्दल असता तर मी ‘हो’ म्हणाले असते. मणक्याच्या हाडापर्यंत औषध नेण्यासाठी शीर अगदी चांगली. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड नावाचं औषध सलाइनमधून देतात, ते हाडात जाऊन बसतं आणि हाड पोखरलं जाण्याचा वेग कमी करतं. मात्र आधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण ते सुरू असताना दात काढला तर जबड्याचं हाड बिघडू शकतं. किरणोत्सारी औषधंही शिरेतून देतात, ती आजार पसरलेल्या हाडांत गोळा होतात. त्यांना लागणारे किरणोत्सारी पदार्थ आपल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतही तयार होतात. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे बाहेरून रेडिएशन. नेमक्या दुखऱ्या मणक्यावर किंवा खुब्यावर एकाच बैठकीत ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) डोस दिला तरी दहापैकी साधारण सहा जणांचं दुखणं उतरतं. फरक पडायला दोन-तीन आठवडे जातात, पहिले दोन-तीन दिवस उलट वाढल्यासारखंही वाटतं. तुमच्या चार पानी पत्रात रेडिएशनचा शब्द नाही. कदाचित झालं असेल आणि लिहायचं राहिलं असेल. झालं नसेल तर पंपाच्या आधी हा प्रश्न विचारा: “अण्णांच्या खुब्याला आणि कंबरेला एकदा रेडिएशन देता येईल का?”

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. अण्णांचं दुखणं गोळ्यांना दाद देत नाही म्हणून नळीचा विषय निघालाय, असं तुम्ही धरून चालला आहात. डॉक्टरांनीही तसंच धरलं असणार, कारण गोळ्या चिठ्ठीप्रमाणे चालू आहेत असंच त्यांना वाटतंय. प्रत्यक्षात अण्णांना मॉर्फिन मिळतच नाहीये. दिवसाकाठी एखादी गोळी, तीही ठणका डोक्यात गेल्यावर. याला मॉर्फिनचा उपचार म्हणत नाहीत. तुमच्या भागात ऊस असेल, तर पाण्याची पाळी चुकवून पीक करपल्यावर पाट सोडला की काय होतं ते मी सांगायला नको.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास चालते, म्हणून ती चार-चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची असते, दुखत असो वा नसो. रात्रीची झोपमोड टाळायला झोपतानाची मात्रा बहुतेकदा दुप्पट देतात. तुमच्या चिठ्ठीत तसं आहे का बघा. अण्णा रात्री भिंतीला टेकून बसून राहतात, त्याचं उत्तर कदाचित या एका ओळीत असेल. त्याशिवाय मधेच कळ आली तर द्यायची जादा मात्रा वेगळी लिहून घ्यायची. चार-पाच दिवस वेळेवर गोळ्या दिल्यावर किती जादा मात्रा लागल्या याची वही ठेवली की डॉक्टर पुढचा डोस त्यावरून ठरवतात. हे वाढवणं-कमी करणं त्यांच्याच हाती ठेवा, घरी नको.

‘शेवटचं औषध आत्ताच संपवलं तर’ ही धास्ती मी खूप घरांत पाहिली आहे, आणि ती मायेपोटीच येते हेही मला माहीत आहे. पण मॉर्फिन संपणारं औषध नाही. पॅरासिटामॉलला जशी एक मर्यादा असते, जिच्यापुढे गोळ्या वाढवून फायदा नाही, तशी मर्यादा मॉर्फिनला नाही. दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते. आज राखून ठेवलेली गोळी सहा महिन्यांनी जास्त गुणकारी होत नाही. आजची रात्र मात्र वाया जाते.

आत्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मॉर्फिन अफूपासूनच निघतं. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच, गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध इतकी वर्षं कुलपात राहिलं की कितीतरी डॉक्टर ते न वापरताच निवृत्त झाले. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं पुष्कळ सोपं झालं. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला व्यसन लागण्याची भीती फार थोडी. शरीराला सवय होते, हे खरं. म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्याने कमी करायचं. रेडिएशनने आराम पडला की अनेकांच्या गोळ्या अशा कमी होतात. आत्यांना हे सांगून पटलं नाही तर वाद घालू नका, पण गोळ्यांच्या डब्याची किल्ली त्यांच्याकडे नको. (किल्ली मात्र असू द्या. घरात लहान मुलं आहेत असं लिहिलंय.)

खरा त्रास व्यसनाचा नसून शौचाचा. मॉर्फिन चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषधही रोज हवं, पहिल्या दिवसापासून. इसबगोल एकट्याने पुरत नाही, उलट पाणी कमी पडलं तर बोळा बसतो. मळमळ आणि गुंगी पहिले काही दिवस राहते, मग ओसरते. पहिल्या दोन दिवसांची गुंगी बघून ‘अण्णा हातचे चालले’ म्हणून गोळ्या बंद करणारी घरं बरीच असतात. कित्येकदा त्या माणसाची साठलेली झोप निघत असते. हाक मारल्यावर जागे होत असतील, नीट बोलत असतील तर घाबरू नका. जागेच होत नसतील, श्वास फार संथ वाटला, तर लगेच डॉक्टरांना गाठा. आणि ती डायक्लोफेनॅक आजपासून थांबवा. अण्णांच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या जोडीला ही गोळी म्हणजे पोटात रक्तस्रावाला निमंत्रण, शिवाय हृदयालाही ती चांगली नाही.

२००२ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. कॅन्सरचं दुखणं आटोक्यात न येणारे सुमारे २०० रुग्ण घेतले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार नीट, बारकाईने दिले. अर्ध्यांना त्याखेरीज पंप बसवायचं ठरलं. पंपाच्या गटात सुमारे ८५ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाने फरक पडला. ही चाचणी पंप बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाली होती आणि पंपाच्या जाहिरातीत हाच आकडा दिसतो. पण दुसऱ्या गटातही सुमारे ७१ टक्के लोकांना फरक पडला होता. तेही कधीच आटोक्यात न आलेल्यांपैकी. गोळ्या, रेडिएशन, वही आणि वेळेवर भेटणारा डॉक्टर, एवढ्यावर. अण्णांना अजून हा दुसरा गटसुद्धा मिळालेला नाही, ताई.

आता अण्णांच्या नकाराकडे येऊ. तुम्ही लिहिता की ते हट्टी आहेत, ऐकत नाहीत. मला तसं वाटत नाही. त्यांना सांगितलंय की मणके झिजलेत. झिजलेल्या मणक्यात सुई नको, झीज काही जीव घेत नाही, मग एवढा धोका कशाला पत्करू, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांच्या हाती जी माहिती दिली तिच्यावरून त्यांनी काढलेलं उत्तर अगदी बरोबर आहे. चुकीची आहे ती माहिती, आणि ती तुम्ही सगळ्यांनी मिळून दिली आहे. नळी घालायची तर संमतीच्या कागदावर सही अण्णांना करायची आहे. झिजेचं कारण सांगून कॅन्सरसाठीच्या नळीवर सही घेणं कायद्यात बसत नाही आणि मनालाही पटू नये.

शिवाय त्यांना माहीत नाही हे तुम्ही कशावरून धरलंत? ज्या माणसाने नोकरीभर एसटीत माणसं ओळखली, तो कॅन्सरच्या ओपीडीत बसून पाटी न वाचता परत आला असेल? बहुतेकदा असं असतं की पेशंटला कळलेलं असतं, घरच्यांना त्रास नको म्हणून तो गप्प असतो, आणि घरचे त्याला त्रास नको म्हणून. तुम्ही एकदम सगळं सांगावं असं मी म्हणत नाही. आधी विचारा. दुपारी, दुखणं कमी असताना, आत्या नसताना: “अण्णा, तुम्हाला काय वाटतं, हे काय असेल?” आणि मग थांबा. ‘मला नाही जाणून घ्यायचं, तुम्हीच बघा’ असं म्हणाले तर तेही उत्तर आहे, त्याचा मान ठेवा. ‘कॅन्सर आहे ना?’ म्हणाले तर खोटं बोलू नका. पुढचं बोलणं जड वाटलं तर डॉक्टरांना सांगा की अण्णांशी समोरासमोर बोला. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे मोठ्या आजारातला त्रास हलका करण्याची सेवा देणारे लोक हे काम रोज करतात. परळच्या टाटा रुग्णालयात त्यांचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं, घरच्यांना शिकवतंसुद्धा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. ‘अजून ती वेळ आली नाही’ म्हणू नका, पॅलिएटिव्ह केअर शेवटच्या आठवड्यासाठी नसतं.

लुळं होण्याच्या भीतीला मात्र चांगलं उत्तर आहे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून जाते, तिथे मज्जारज्जू नसतोच. पाण्यात तरंगणाऱ्या नसांचा जुडगा असतो आणि त्या सुईपुढून बाजूला सरकतात. अण्णांच्या ओळखीत सिझेरियन झालेल्या, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या कितीतरी जणांनी ही सुई घेतलेली असेल. त्यांतल्या कोणाला तरी अण्णांजवळ नेऊन बसवा, माझ्या पानभर लिखाणापेक्षा ते उपयोगी पडेल. ज्यांनी १८९८ मध्ये ही भूल शोधली त्या जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी आणि त्यांच्या मदतनिसाने ती एकमेकांवरच करून पाहिली होती; मदतनिसाच्या नडगीवर हातोडीचे ठोके मारले तरी त्याला कळलं नाही. दोघांचं डोकं नंतर काही दिवस दुखलं, पाय शाबूत राहिले.

तरी धोका शून्य नाही, आणि अण्णांच्या बाबतीत दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालाच. एक, त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या चालू असताना सुई घातली तर आवरणाबाहेर रक्त साकळून मज्जारज्जू किंवा त्याखालच्या नसा दाबल्या जाऊ शकतात, म्हणजे अण्णा ज्याला घाबरतात तेच. पण स्टेंट असताना त्या गोळ्या स्वतःहून बंद करणंही धोक्याचं. हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघांनी मिळून दिवस ठरवायचा. दुसरी गोष्ट लघवीची. पाठीतून मॉर्फिन दिल्यावर लघवी तुंबू शकते, आणि प्रोस्टेटच्या पेशंटला तर ती शक्यता जास्तच. आधीच विचारून ठेवा म्हणजे ऐनवेळी धावपळ नाही. खाज सुटते, ती औषधाने जाते. पहिला डोस दिल्यावर साधारण एक दिवस रुग्णालयात ठेवतात, कारण मॉर्फिन पाण्यातून हळूहळू वर मेंदूकडे सरकतं आणि श्वास उशिरानेही मंदावू शकतो.

पंप आधी बसवत नाहीत, आधी चाचणी करतात. एकदा सुईने किंवा काही दिवस बारीक नळीने औषध देऊन बघतात. आराम पडला तरच पुढचं. पंप म्हणजे पोटाच्या कातडीखाली बसणारी चपटी गोल डबी, तिच्यात २० किंवा ४० मिलिलिटर औषध मावतं आणि दर एक ते तीन महिन्यांनी कातडीतून सुई टोचून ती भरावी लागते. म्हणजे भरून देणारा माणूस तुमच्या गावापासून किती लांब आहे, हा प्रश्न पंपाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा. पंपाचा खर्च काही लाखांत जातो, आणि आयुष्य काही महिन्यांहून जास्त असेल तरच तो बसवणं योग्य समजतात. त्याहून कमी असेल तर नळी कातडीखालून बाहेर काढून छोट्या बाहेरच्या पंपावर भागवतात, ते खूप स्वस्त पडतं. जपायचं ते मुख्यतः नळीच्या जागेच्या जंतुसंसर्गापासून.

म्हणून अर्ध्या एकराचा विषय आत्ता काढू नका. आधी चार-चार तासांच्या गोळ्या, मग रेडिएशनची विचारणा, त्या काळात अण्णांशी बोलणं. पंधरा दिवसांची वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आजवर गोळ्या कशा दिल्या ते स्पष्ट सांगा. ते रागावले तर रागावू देत. एवढं करूनही अण्णा रात्री भिंतीला टेकून बसत असतील तर चाचणीची सुई जरूर घ्या, तिला जमीन विकावी लागत नाही. आणि पंपापर्यंत गोष्ट गेलीच, तर अर्धा एकर विकायचा की नाही ते अण्णांना विचारून ठरवा. सातबारा त्यांच्या नावावर आहे, असं तुम्हीच लिहिलंय.